मत्स्यकन्येची जीभ

नातीच्या उशाशी पडलेले पुस्तक तिला न विचारता उचलावे, हे काही बरे नव्हे. पण दुपारची झोप लागत नव्हती आणि हाताशी दुसरे काही नव्हते. टेरा लिन चाइल्ड्स या अमेरिकन लेखिकेची 'फरगिव्ह माय फिन्स' ही २०१० साली निघालेली कादंबरी होती ती. मराठीत नाव द्यायचे तर 'माझे पर पोटात घाला' असे काहीसे होईल. (माशांच्या बाबतीत ही भाषा जरा धोक्याचीच, पण असो.)

गोष्ट अगदी हलकीफुलकी. लिली ही समुद्रातल्या राजाची मुलगी. आई मनुष्य, म्हणून ही अर्धीच मत्स्यकन्या. जमिनीवर राहून शाळेत जाते. ब्रॉडी नावाच्या एका पट्टीच्या पोहणाऱ्या मुलावर तिचा जीव जडलेला, पण तो समोर आला की हिची वाचा बसते. शेजारच्या क्विन्सशी मात्र उठता-बसता भांडण. एकदा अंधारात ब्रॉडी समजून ती चुंबन घेते ते नेमके क्विन्सचे! आणि मत्स्यलोकात चुंबन म्हणजे जन्माची गाठ. मग ती गाठ सोडवून घेण्यासाठी दोघांची राजाच्या दरबारात वरात निघते, आणि सोडवता सोडवता ती खरोखरीच घट्ट बसते.

पुस्तक मिटले आणि मी नाक मुरडले. माझ्या डोळ्यांपुढे मत्स्यकन्या होती ती हान्स अँडरसनची, १८३७ सालची. राजपुत्राला बुडताना वाचवणारी. त्याच्यासाठी आणि मनुष्याला लाभणाऱ्या अमर आत्म्यासाठी तीनशे वर्षांचे आयुष्य पणाला लावणारी. चेटकिणीला तिने पायांच्या बदल्यात काय दिले? आपली जीभ. साऱ्या समुद्रात गोड असा तो आवाज गेला, आणि मिळालेल्या पायांनी टाकलेले प्रत्येक पाऊल सुरीच्या पात्यावर टाकल्यासारखे. शेवटी राजपुत्राने लग्न केले दुसरीशीच. त्याला मारून स्वतः जगण्याची संधी आली तेव्हा हिने सुरी समुद्रात फेकून दिली. याला म्हणावे प्रेम! नाहीतर ही लिली. कशाला मुकली, तर एका गैरसमजाला.

जेवताना मी हे जरा ठसक्यातच बोलून दाखवले. नात म्हणाली, "पण आजोबा, तिने जीभच देऊन टाकली, तर आपल्याला हिनेच वाचवलंय हे त्या राजपुत्राला कळणार कसं?"

घास हातात राहिला. इतक्या वर्षांत हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. तो राजपुत्र काही दुष्ट नव्हे. आपल्याला वाचवणारी देवळातली ती दुसरीच मुलगी, असे तो शेवटपर्यंत समजत राहिला, कारण जी सांगू शकली असती तिला बोलताच येत नव्हते. त्याने तिला दाराबाहेर मखमली उशीवर झोपायची मुभा दिली. पाळीव मांजरीला देतात तशी. ज्या प्रेमासाठी तिने किंमत मोजली, ते प्रेम त्या किमतीनेच अशक्य करून टाकले. आणि मी मात्र किंमत पाहून प्रेमाचे वजन करीत होतो! जास्त दुखले म्हणजे जास्त खरे, हा हिशेब मला कोणी शिकवला कोण जाणे.

मग त्या थिल्लर पुस्तकातली एक गोष्ट मला नव्याने दिसली. ज्याच्यावर आपले प्रेम आहे असे लिलीला वाटते, त्याच्यापुढे ती मुकी. आणि ज्याच्याशी ती पोटभर भांडते, तिथेच तिचे मन आहे. आपल्या महाभारतातली उलूपीही अशीच. ती नागकन्या, मत्स्यकन्या नव्हे. पण तिनेही अर्जुनाला गंगाद्वारी पाण्याखाली ओढून नेले. तो ब्रह्मचर्याचे व्रत सांगू लागला, तेव्हा 'ते व्रत द्रौपदीपुरते, माझ्या बाबतीत तुला दोष कसला?' असा एखाद्या वकिलासारखा युक्तिवाद तिने केला. आणि अर्जुनाने ऐकले!

अँडरसनची थोरवी याने कमी होते असे मी म्हणणार नाही. ती शेवटी फेकलेली सुरी अजून माझ्या अंगावर काटा आणते. मला अडचण आहे ती माझ्या डोळ्यांत तेव्हा आलेल्या पाण्याची. मुक्या बाईचे कौतुक करायला फारसे काही द्यावे लागत नाही.

१९७४ साली आमचे लग्न झाले, तेव्हा तांदळाच्या ताटात मी अंगठीने पत्नीचे नवे नाव लिहिले. नाव मला आवडले होते. तिला विचारावे असे कोणालाच सुचले नाही, मलाही नाही. बावीस वर्षांचे नाव तिने निमूटपणे ठेवून दिले आणि सगळ्यांनी तिच्या समंजसपणाची वाखाणणी केली. परवा रात्री मी तिला त्या जुन्या नावाने हाक मारून पाहिली. "इश्श! हे काय आता?" म्हणाली. थोड्या वेळाने अंधारातच पुन्हा म्हणाली, "तुमच्या तोंडून परक्यासारखं वाटतं हो."

भाऊबीजेला तिचा धाकटा भाऊ येतो. दारातूनच त्या नावापुढे ताई लावून हाक मारतो. ती पदराला हात पुसत लगबगीने बाहेर येते आणि मग दोन तास दोघांच्या बोलण्याला खंड नसतो. मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र समोर धरून बसलेला असतो. ती इतके बोलते, हे मला दर वर्षी त्याच दिवशी आठवते.