मडक्याच्या बुडावरचे नाव

वज्रेश्वरीला जाणारे बहुतेक लोक देवीच्या दर्शनाला आणि तानसेकाठच्या गरम पाण्याच्या कुंडांत स्नानाला जातात. १७३९ साली वसईच्या लढाईत चिमाजी अप्पांनी या देवीला नवस केला होता, अशी कथा तेथे सांगतात. अशा गावाजवळ, जेथे रोज माती मळली जाते आणि भट्टी पेटते, त्या एखाद्या कार्यशाळेच्या पडवीत पाच-सात जणांनी मिळून आपली भांडी मांडली आहेत, अशी कल्पना करा. पाहणारा एक वाडगा उचलतो आणि लगेच उलटा करून बुडाशी पाहतो. त्याला नाव हवे असते. सवय साधी आहे. पण तिच्यात एक प्रश्न दडलेला आहे. हे भांडे खरोखर कोणाचे?

भट्टीचा व्यवहार पाहिला तर उत्तर सोपे राहत नाही. सगळ्यांची भांडी एकाच भट्टीत शेजारी शेजारी रचलेली असतात. लाकडाच्या भट्टीत राख ज्वाळेबरोबर उडून भांड्यांवर बसते आणि बाराशे-तेराशे अंशांच्या उष्णतेत वितळून काचेसारखी चकाकते. ती कोठे बसेल, हे शेजारचे भांडे ज्वाळेला कशी वाट देते यावरही ठरते. उलट, पहिल्या भाजणीत एखादे भांडे पुरते वाळलेले नसेल, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटते आणि शेजाऱ्यालाही इजा करते. म्हणजे यशात शेजाऱ्याचा वाटा आहे, तसा नुकसानीतही आहे.

मग नाव घालूच नये काय? जपानचे विचारवंत यानागी सोएत्सु यांनी अनाम कारागिराची थोरवी सांगितली. त्यांचे कुंभार मित्र हामादा शोजी यांनी तर भांड्यांवर आपली खूण करणेच सोडले. विचार मोठा आहे. पण त्याच हामादांना १९५५ साली जपानने राष्ट्राचा जिवंत ठेवा म्हणून गौरविले. बुडावर नसलेले त्यांचे नाव जगाला ठाऊक होते. आपल्या बारा बलुतेदारांतला कुंभार अनाम राहिला, तो स्वेच्छेने नव्हे. त्याला धान्याचे बलुते मिळे. श्रेय मिळत नसे. त्या अनामपणाला निरहंकार म्हणणे, म्हणजे आपल्या कृतघ्नतेला सोयीचे नाव देणे होय.

तरीही एक गोष्ट त्या कुंभारापाशी होती. त्याचे घर गावाला माहीत होते. रांजण पाझरला तर कोणाच्या दारी जायचे, हे कोणाला विचारावे लागत नसे. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी वाजवून पाहिली, ही कथा आपण कौतुकाने सांगतो. पण गावातली गृहिणीही कुंभाराचे मडके त्याच्यासमोर वाजवूनच घेई, आणि तो ते वाजवू देई.

मला वाटते, बुडावरच्या नावाचा खरा अर्थ येथे आहे. ते त्या दाराचा पत्ता आहे. सारे काही मी एकट्याने केले, असे ते सांगू शकत नाही; यात उणे निघाले तर मला विचारा, एवढे मात्र सांगू शकते. कामाच्या जागीच मांडलेल्या प्रदर्शनात ते दार समोर उघडे असते, आणि अंगणाच्या कडेला फुटक्या खापरांचा ढीगही दिसतो. श्रेय सगळ्यांत वाटून घेता येते. जबाबदारी कोणा एकाला आपल्या नावावर घ्यावी लागते.

यंदा पणत्या घ्याल, त्यांच्या बुडाशी नाव सापडणार नाही. भावाची घासाघीस करण्याआधी, या कोणी घडवल्या, एवढे विचारावे; आणि उत्तर मिळाले, तर दिवे लावताना ते नाव मुलांना सांगावे.