कर्ज कोणी माफ करायचं?

पक्षाघातानं एक हात लुळा पडलेल्या माणसाचा चांगला हात जाड मोज्यात बंद करायचा, आणि जेवणं, केस विंचरणं, कुलूप उघडणं हे सगळं लुळ्या हातानं करायला लावायचं. ऐकायला छळ वाटतो, पण हा उपचार आहे आणि तो लागू पडतो. अमेरिकेत २२२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. या रुग्णांना पक्षाघात होऊन ३ ते ९ महिने झाले होते आणि मनगट-बोटांची थोडीफार हालचाल शिल्लक होती. ज्यांनी दोन आठवडे हा उपचार घेतला, त्यांचा हात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारला, आणि ती सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती.

ही कल्पना माकडांकडून आली. एडवर्ड टाउब या मानसशास्त्रज्ञानं माकडांच्या एका हाताकडून येणाऱ्या संवेदनांच्या नसा कापल्या. हात हलवणाऱ्या नसा शाबूत होत्या, तरी माकडं तो हात वापरेनाशी झाली. मग त्यानं चांगला हात काही दिवस बांधून ठेवला, आणि बधिर हात कामाला लागला. सुरुवातीला प्रयत्न फसतात, दुसऱ्या हातानं भागतं, आणि न वापरणं हीच सवय होऊन बसते, असा अर्थ त्यानं लावला. पुढे माणसांवरच्या उपचाराचा पाया हाच ठरला.

आता दुसरी बाजू. १९८१ साली मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग इथल्या टाउबच्या प्रयोगशाळेत अ‍ॅलेक्स पाशेको हा प्राणिहक्क कार्यकर्ता मदतनीस म्हणून शिरला. त्यानं घाणीनं भरलेले पिंजरे आणि स्वतःचीच बधिर बोटं चावून जखमी झालेल्या माकडांचे फोटो काढले. पोलिसांनी १७ माकडं जप्त केली. टाउब आधी सहा आरोपांत दोषी ठरला, पुन्हा चाललेल्या खटल्यात एकात. तीही शिक्षा १९८३ साली रद्द झाली, कारण केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या संशोधनाला राज्याचा तो कायदा लागू होत नाही, असं वरच्या न्यायालयानं ठरवलं. म्हणजे माकडांचे हाल झाले की नाही, याचा निवाडा त्या निकालानं केला नाही.

मग हिशोब कसा मांडायचा? ‘इतक्या माणसांचे हात चालू लागले, तेव्हा झालं ते योग्यच’ हे वाक्य सोपं आहे, पण त्यात दोन गोष्टींची सरमिसळ होते. नस कापणं प्रयोगाचा भाग होतं. ते समर्थनीय होतं का यावर वाद घालता येईल. पिंजरा न धुणं आणि जखमेकडे न बघणं प्रयोगाचा भाग नव्हतं. त्या घाणीतून कोणतंही ज्ञान निघालं नाही. यशाच्या पदरात तिलाही झाकून घेणं ही लबाडी आहे.

दुसरं टोकही मला पटत नाही. ज्ञान डागाळलेलं आहे म्हणून ते वापरू नये, असं म्हणणाऱ्यानं हे वाक्य पक्षाघातानंतर स्वतःच्या हातानं घास घेऊ पाहणाऱ्या बाईला सांगून पाहावं. तिनं उपचार नाकारला तर एकाही माकडाची जखम भरून येत नाही.

मला कर्जाची भाषा जवळची वाटते. कर्जाऊ पैशातून कुणी मुलांची शिक्षणं केली, घर बांधलं, तरी ‘पैसा सत्कारणी लागला, सबब कर्ज फिटलं’ असं घेणाऱ्यानं परस्पर ठरवायचं नसतं. माफ करायचा अधिकार देणाऱ्याचा. इथे तर देणाऱ्याला विचारलंच नव्हतं, आणि तो माफ करू शकणारही नाही. म्हणून हे कर्ज खात्यावर राहणार.

मात्र त्याचं व्याज भरता येतं. ते म्हणजे पुढच्या प्रत्येक प्रयोगाआधी विचारायचे प्रश्न: हे प्राण्याविना शिकता येईल का? येत नसेल, तर यातली किती वेदना खरोखर लागणारी आहे आणि किती निव्वळ आपल्या आळसाची? सिल्व्हर स्प्रिंगनंतर, १९८५ साली, अमेरिकेनं प्रयोगशाळांतल्या प्राण्यांसाठीचा कायदा कडक केला आणि संस्थांना देखरेख समित्या नेमायला लावल्या. तो असाच एक हप्ता होता. हप्ते भरणाऱ्यानं मुद्दल विसरू नये, इतकंच.