मधुमेह आणि रोजची वारी

वारी म्हणजे येरझार. नेमाने पुन्हा पुन्हा जाणे. एकदा पंढरी पाहून आला तो यात्रेकरू. चुकता जाणे होत नाही तो वारकरी. म्हणजे थोरवी अंतराची नाही, नेमाची आहे. हेच सूत्र धरून या वेळी आम्ही एका देहव्याधीचा विचार मांडीत आहोत. ती व्याधी म्हणजे मधुमेह. कोणी म्हणेल, परमार्थाच्या पानांत साखरेच्या रोगाचे काय काम? काम आहे. पंढरीस जावयास पाय लागतात, आणि हा रोग पुष्कळदा त्या पायांवरच घाला घालतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची जी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तिच्याप्रमाणे देशात १० कोटींहून अधिक लोकांस मधुमेह आहे. हा आता केवळ शेठसावकारांचा रोग राहिला नाही. अमरावती-अकोल्याच्या खेड्यापाड्यांतही घरोघरी गोळ्यांची डबी दिसते.

वऱ्हाडात चालण्याची परंपरा मोठी. रुक्मिणीमातेचे माहेर जे कौंडण्यपूर, तेथून पालखी पंढरीस जाते. शेगावहून श्रीगजानन महाराजांची पालखी अकोल्यातून पुढे जाते. सुमारे महिनाभराची वाट. श्रावणात पूर्णेचे पाणी गांधीग्रामहून कावडीने खांद्यावर घेऊन भक्त अकोल्याच्या राजराजेश्वरास येतात; तेही सुमारे १८ किलोमीटर. मग शंका येते, आणि लोक ती उघड विचारतात : "महाराज, आमी तं दरसाल पायी वारी करतो. मंग आमाले साखर काऊन झाली?"

याचे उत्तर देहाच्या व्यवहारात आहे. अन्नाची साखर रक्तात येते. तिला पेशींत जाऊ देणारी किल्ली म्हणजे इन्शुलिन. बहुतेक मधुमेह्यांची ही किल्ली नीट लागत नाही, पुढे पुढे अपुरीही पडते. परंतु देवाने स्नायूंना एक मागचे दार ठेवले आहे. पाय चालू लागले, हात राबू लागले, की काम करणारे स्नायू त्या किल्लीवाचूनही रक्तातील साखर ओढून घेतात. शिवाय श्रमानंतर किल्लीही काही काळ बरी चालते. मात्र हा गुण एक दिवस, फार तर दोन दिवस टिकतो. मग दार पुन्हा जड होते. आषाढात चाललेले पाऊल कार्तिकातली साखर कशी आवरील? जेवण रोजचे आहे, तर चालणेही रोजचे हवे. म्हणूनच डॉक्टर सांगतात की आठवड्यात निदान १५० मिनिटे झपाझप चालावे, आणि लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये. रोजचा अर्धा तास म्हणा ना!

दुसरी शंका शेतकऱ्याची : "वावरात राबतो नं बाप्पा, आनखी व्यायाम कायचा?" राबणे हा व्यायामच, ते आम्ही नाकारीत नाही. पण डवरा, वखर यांची पुष्कळ कामे आता ट्रॅक्टर करतो, वावरात जाणे मोटारसायकलवर होते, आणि पीक निघाले की पारावर बैठक पडते. हंगामी श्रम हीही वर्षातून एकदाची वारीच झाली. व्यायाम पहिलवानाचा, असेही कोणी समजू नये. अमरावतीच्या ज्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून व्यायामाचे बीज पेरले, त्या गावच्या माणसास हे सांगावयास नको. आखाडा न जमो, चालणे तर जमेल. आणि श्रम कमीपणाचा, असे वाटत असेल तर गाडगेबाबांना आठवावे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेला हा संत दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडी आणि रात्री कीर्तन करी.

सुश्रुताचार्यांनी तर प्रमेहाच्या चिकित्सेत निर्धन रोग्यास सांगितले आहे की, मुनीसारखे संयमाने राहावे, भिक्षा मागावी, एका गावी एकच रात्र राहावे आणि शंभर योजने चालावे. वाचताना आपली वारीच डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु तेथे चालणे अनवाणी सांगितले आहे. तेवढे आज धरू नये. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना जाते. काटा रुतला, डांबर भाजले, तरी कळत नाही. जखम चिघळते आणि कधी पाय कापण्याची पाळी येते. म्हणून ज्यांनी अनवाणी वारीचा नवस केला असेल त्यांस आमची हात जोडून विनंती आहे की, जोडा घाला. पांडुरंग जोड्यावर रुसत नाही. तो राउळाच्या दारात काढून ठेवावा. रात्री पाय धुऊन, दोन्ही तळवे उजेडात पाहावेत. आपणांस दिसत नसेल तर सुनेस, नातवास पाहावयास सांगावे. हीही सेवाच.

आणखी दोन गोष्टी. चालू लागलो म्हणून गोळी किंवा इन्शुलिन आपल्या मनाने बंद करू नये. व्यायाम औषधाचा सोबती आहे, वैरी नव्हे. ज्यांना इन्शुलिन किंवा साखर फार उतरवणारी गोळी आहे त्यांनी खिशात साखर ठेवावी. दरदरून घाम आला, हात कापू लागले, तर थांबून तीन चमचे साखर घ्यावी, पाव तासाने पुन्हा पाहावे. एकादशीस औषध कसे घ्यावे हे आधीच डॉक्टरांस विचारावे. आणि साबुदाणा, बटाटे उपासाचे असले तरी साखर वाढवितातच, हे विसरू नये. चालताना छातीत दुखले तर तेथेच थांबावे व दवाखाना गाठावा.

तर नेम असा धरावा. वऱ्हाडचे ऊन कडक. उन्हाळ्यात काकड्याच्या वेळी, उजाडण्याच्या सुमारास निघावे. गावाच्या विठ्ठलमंदिरापर्यंत जावे, जवळ असेल तर दोन फेऱ्या अधिक घालाव्यात. जेवल्यावर अंगणात दहा-पंधरा मिनिटे शतपावली करावी. सायंकाळी हरिपाठ उभ्याने म्हणावा, गुडघे साथ देत असतील तर पावली खेळावी. बाया म्हणतील, घरकाम आहेच. पण घरातली धावपळ वेगळी, सलग चालणे वेगळे. शेजारणीस सोबत घ्यावे. ज्यांच्या आईबापांस हा रोग आहे अशा तरुणांनी तर रोग होण्याआधीच निघावे. ज्यांची साखर नुकतीच चढू लागली होती अशांवर भारतात प्रयोग झाला. आहार व चालणे सुधारलेल्यांत मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी आढळले, असे २००६ साली प्रसिद्ध झाले.

ज्यांस दरसाल पंढरीची वाट चालावयाची आहे, त्यांनी आज देवळापर्यंतची वाट चुकवू नये. मुखी नाम, पायी जोडा, खिशात साखर आणि मनात नेम. एवढी शिदोरी पुरे.

रामकृष्ण हरि.