घराला कठडा हवा



शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसे ठार झाली, हा प्रसंग लूकच्या शुभवर्तमानात (13:4) येतो. ती माणसे यरुशलेममधील इतरांपेक्षा अधिक अपराधी होती काय, असे प्रभू येशू विचारतो आणि स्वतःच 'नाही' म्हणतो. मग तो पश्चात्ताप करायला सांगतो, तो ऐकणाऱ्यांना!

आपण मात्र परांचीवरून एखादा गवंडी पडला की पटकन बोलून जातो, "नशीब त्याचे! देवाची इच्छा!" नाहीतर, "प्यायलेला असेल." असे बोललो की आपण मोकळे होतो.

पवित्र शास्त्र आपल्याला असे मोकळे सोडत नाही. नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, नाहीतर कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, अशी आज्ञा अनुवादाच्या पुस्तकात (22:8) आहे. त्या काळी लोक धाब्यावर वावरत, जवस वाळत घालत. तेथे देवाने चालणाऱ्याला 'जपून चाल' म्हटले नाही. घरधन्याला कठडा बांधायला सांगितले.

आज तो कठडा परांचीला हवा आहे. आपण घरावर मजला चढवतो, सणाआधी देवळाला रंग काढतो. ठेकेदाराशी घासाघीस करून दर खाली आणतो. तो पैसा कशातून वाचतो? पुष्कळदा फळीतून, दोरातून, पट्ट्यातून.

पाहायच्या गोष्टी थोड्याच आहेत. फळ्या एकमेकींना खेटून आणि दोन्ही टोकांना बांधलेल्या असाव्यात. कमरेच्या उंचीला आडवा कठडा असावा. सेफ्टी बेल्टचा दोर परांचीच्या बांबूला नव्हे, इमारतीच्या पक्क्या भागाला बांधावा. पाऊस पडून गेल्यावर प्रत्येक गाठ पुन्हा तपासावी. बांधकाम कामगारांच्या सुरक्षिततेसाठी आपल्या देशाने 1996 साली स्वतंत्र कायदा केला. देवाची आज्ञा तर त्याहून कितीतरी जुनी आहे.

पोप बारावे पायस ह्यांनी 1955 साली 1 मे हा कामकरी संत योसेफाचा सण ठरवला. त्या सुताराला आपण मान देतो. मग आपल्या दारी काम करणारा बिगारी संध्याकाळी धडधाकट घरी परततो की नाही, हे कोणी पाहायचे?

हे प्रभो, आमचे घर कोणाच्या रक्ताच्या दोषावर उभे राहू नये. उंचावर काम करणाऱ्यांचे रक्षण कर आणि त्यासाठी आमचे हात वापर. आमेन.