दगडफुलाची राखण

वाचन : दानीएल 1:8-16

बेळगाव-निपाणीच्या बाजारातून आपण मसाल्यासाठी दगडफूल आणतो. ते फूलही नव्हे आणि दगडही नव्हे. बुरशी व शेवाळ यांचा तो एकत्र संसार आहे. शास्त्रात अशांना शैवाक म्हणतात. खानापूर-आंबोलीच्या रानात झाडांच्या सालींवर व खडकांवर शैवाके आढळतात. कित्येकांची वाढ वर्षाला काही मिलिमीटरच. ना पाय, ना काटे. पावसाळ्यात गोगलगाय चरत आली, तर पळणार कोठे?

पण देवाने त्यांनाही राखण दिली आहे. शेवाळ उन्हात अन्न तयार करते. त्यातून बुरशी नाना प्रकारची आम्ले बनवते आणि आपल्या तंतूंवर बारीक स्फटिकांच्या रूपाने साठवते. गोगलगाय चव घेते आणि पुष्कळदा तोंड फिरवते.

1904 साली अर्न्स्ट श्टाल या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने सोड्याच्या पाण्याने ही द्रव्ये काढून शैवाके गोगलगायींपुढे ठेवली. आधी नाकारलेले त्यांनी खाल्ले! पुढे अ‍ॅसिटोनने धुऊनही तेच दिसले. असे धुतलेले सुके शैवाक मरत नाही. आकार तोच, जीवही तोच. फक्त आतली राखण गेलेली.

प्रियजनहो, आपली गतही अशीच नाही ना? रविवारची उपासना होते, शब्बाथ शाळेची हजेरी भरते, नाताळची गाणी होतात. मग लेकरू शिक्षणासाठी कोल्हापूर-पुण्यास जाते. खोलीवरचे सोबती पेला पुढे करतात. त्या घडीला त्याच्या आत काय साठलेले असते? आम्ही मात्र बातमी कानी आल्यावर फोनवरून उपदेश करू लागतो. हा दोष आधी आमचा आहे.

दानीएलाने राजाच्या पक्वान्नाविषयी मनात निश्चय केला. असा निश्चय एका दिवसात होत नाही. शेवाळाने भरवावे आणि बुरशीने त्याची राखण करावी, तसे घराने रोज वचन भरवावे आणि शब्बाथ शाळेने ते लेकराच्या अंगी मुरवावे.

तरीही काही गोगलगायी शैवाक खातातच. परंतु उरलेला तुकडा पुन्हा वाढू शकतो. म्हणून चुकून परत आलेल्या लेकराला आपण दार लावू नये.

हे प्रभो, आमच्या लेकरांच्या अंतःकरणात तुझे वचन साठवण्यास आम्हांस धीर दे, आणि परतणाऱ्यांसाठी आमची दारे उघडी ठेव. आमेन.