उत्तर कुणाला सुचलं, तेही लिही

सेक्टर 10, भिलाई

चि. समीर,


तुझ्या अर्जाचा मसुदा वाचला. कन्स्ट्रक्शन इंडस्ट्री डेव्हलपमेंट कौन्सिलच्या विश्वकर्मा पुरस्कारासाठी तू नाव देतो आहेस, याचा फार आनंद झाला. ठेकेदाराचं नाव निघतं ते बहुधा बिलं अडली किंवा भिंतीला तडे गेले की. त्याने डोकं लढवून काम निभावलं, याची नोंद क्वचितच होते. म्हणून हा अर्ज मन लावून भर.

मसुद्यात तू उलाढाल, यंत्रसामग्री आणि मुदतीआधी संपवलेली कामं मांडली आहेस. राजनांदगावच्या शाळेची अडचण मात्र दोन ओळींत उरकलीस. खरा अर्ज तिथेच आहे. तिथली जमीन कन्हार. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. साधा उथळ पाया अशा जमिनीत टिकत नाही. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने विकसित केलेले, तळाशी कंदासारखे फुगीर असलेले अंडर-रीम्ड पाइल तू घेतलेस, ते योग्यच. पण रात्रभर उघड्या राहिलेल्या बोअरमध्ये फुगीर भागाची माती ढासळत होती. ते ओळखलं तुझ्या मिस्त्रीने. टेपला वजन बांधून त्याने सकाळी खोली मोजली, ती आदल्या दिवसापेक्षा वीतभर कमी भरली. तेव्हापासून संध्याकाळपर्यंत काँक्रीट भरता येईल तेवढेच बोअर घ्यायचे आणि भरण्याआधी प्रत्येकाची खोली पुन्हा मोजायची, असा नेम तुम्ही पाळलात. हे सगळं लिही. मापं दे, किती बोअर वाया गेले तेही सांग. आणि मिस्त्रीचं नाव घाल.

भिलाईला ही रीत नवी नाही. 1965 साली श्रमवीर पुरस्कार म्हणून सुरू झालेला केंद्र सरकारचा विश्वकर्मा राष्ट्रीय पुरस्कार कामगारांच्या सूचनांसाठी दिला जातो, आणि इथल्या पोलाद कारखान्यातल्या अनेकांनी तो मिळवला आहे. ज्याला सुचलं त्याच्याच नावाने तो मिळतो.

नीट मांडलेलं उत्तर किती दूर पोचतं, ते रत्नागिरीजवळ पानवल नदीच्या पुलावर बघ. कोकण रेल्वेच्या या पुलाची उंची 64 मीटर. एवढ्या खोल दरीत तळापासून परांची बांधणं महाकठीण. म्हणून गर्डर एका काठावर तुकड्यातुकड्याने ओतून जॅकने खांबांवरून पुढे ढकलत नेला. ही पद्धत 1960च्या दशकात फ्रिट्झ लिओनहार्ट या जर्मन अभियंत्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी व्हेनेझुएलात कारोनी नदीवर वापरली होती. तपशिलासकट ती जगापुढे आली, म्हणून कोकणातही कामी आली.

पुरस्कार मिळाला तर मी पेढे वाटीनच. पण पुढच्या पावसाळ्यात दुर्ग-राजनांदगाव भागात आणखी कुणी कन्हार जमिनीत बोअर घेईल. त्याला तुझा अर्ज वाचून आपलं काम सावरता आलं पाहिजे. या कसोटीवर मसुदा पुन्हा लिही आणि मला पाठव.

तुझा,
अण्णाकाका