निसरडी वाट आणि जुनी मोटार

आवडती वस्तु जपून ठेवावी कीं वापरावी, हा प्रश्न घरोघरीं पडतो. आजीची पैठणी, वडिलांचें घड्याळ यांच्याविषयीं तो आपण केव्हां ना केव्हां स्वतःस विचारलेला असतो. परंतु वस्तु वापरल्यानें दुसऱ्याच्या जिवास धोका पोहोंचण्याचा संभव असेल, तर प्रश्न आवडीचा न राहतां नीतीचा होतो. गेल्या हिवाळ्यांत कॅनडांतील मॉन्ट्रियलहून माझ्या पुतण्याचें पत्र आलें आणि या प्रश्नाचा विचार मला पुन्हां करावा लागला.

त्याच्याजवळ एक जुनी माझदा मियाता आहे. ही दोन आसनांची, उघड्या टपाची, वेग आणि चपळाई यांच्या हौसेखातर बनविलेली मोटार १९८९ सालीं प्रथम बाजारांत आली. तिचें वजन हलकें, आणि एंजिनाची शक्ति मागल्या चाकांस मिळते. कोरड्या रस्त्यावर हें सारें सुखाचें. पण बर्फावर मागलीं चाकें केव्हां बाजूस सरकतील याचा भरंवसा नाहीं. क्वेबेक प्रांतांत १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत मोटारींना हिवाळी टायर लावण्याची कायद्यानें सक्ति आहे. त्यांचें रबर थंडींतहि मऊ राहतें. ते त्यानें लावले आहेत. शिवाय तेथें बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, आणि तें मीठ जुन्या पत्र्यास खातें. मित्र म्हणतात, वसंत येईपर्यंत गाडी कोंडून ठेव. तो मला विचारतो, “काका, तुम्हीसुद्धां पावसाळ्यांत हेराल्ड चालवितांच ना? मग माझें काय चुकतें?”

प्रश्न रास्त आहे. वडिलांची दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड मी अजून चालवितों. मद्रासच्या कारखान्यांत १९६१ पासून या गाड्या बनूं लागल्या. आणि इंग्लंडांत ट्रायम्फ स्पिटफायर नांवाची जी प्रसिद्ध स्पोर्ट्स मोटार निघाली, तिचा सांगाडा हेराल्डचाच, थोडा आंखूड करून, घेतलेला होता. म्हणजे माझी गाडी त्या घराण्यांतली थोरली बहीणच म्हणावयाची. धाराशिवला बर्फ पडत नाहीं. परंतु बालाघाटाच्या पठारावर परतीचा पाऊस आणि सोयाबीनची काढणी एकाच वेळीं येतात. शेतांतून निघालेल्या ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर काळी माती डांबरी सडकेवर येते, आणि तिच्यावर एक सर पडली कीं ती लोण्यासारखी होते. ही माती फार बारीक कणांची. पाणी पिऊन ती फुगते व टायर आणि डांबर यांच्यामध्यें तिचा थर बसतो. दिवेलागणीला तो थर डोळ्यांस दिसतहि नाहीं. थंड देशांतील लोक काळ्या सडकेवरच्या अदृश्य बर्फास भितात; आमच्याकडे तेंच काम चिखल करितो.

जुन्या गाडीच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे. ब्रेक दाबतांच चाक अडकून बसूं नये म्हणून तो सेकंदांत अनेक वेळां सोडणारी व धरणारी यंत्रणा नव्या मोटारींत असते. आपल्याकडे २०१९ पासून नव्या मोटारींस ती सक्तीची झाली. हेराल्डमध्यें ती नाहीं. जमीन सुटूं लागल्याची वार्ता तिच्या चालकास हातांतल्या चक्रांतून कळते, आणि पुढें काय करावें तें त्यालाच ठरवावें लागतें. त्यामुळें लक्ष जागें राहतें. सरावानें आलेलें हें ज्ञान मनुष्यास आनंद देतें, आणि तो आनंद खोटा नाहीं. वीस वर्षें मी याच युक्तिवादावर समाधान मानीत होतों.

तीन वर्षांपूर्वीं घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळीं मी तुळजापुराहून परत येत होतों. त्या वेळीं गांवोगांवचे तरुण भवानीची ज्योत पेटवून घेऊन धांवत आपापल्या गांवीं जात असतात. पाऊस नुकताच उघडला होता. एका उतारावरच्या वळणाशीं चिखल दिसला, तेव्हां मीं घाबरून पाय एकदम ब्रेकवर दाबला. इतक्या वर्षांची शिकवण पाय विसरला. मागलीं चाकें सुटलीं, गाडी अर्धी फिरली आणि सडकेच्या कडेला आडवी होऊन थांबली. ज्योत घेऊन धांवणारीं दहाबारा मुलें पंधरावीस पावलांवर होतीं. दोष गाडीचा नव्हता, चिखलाचाहि नव्हता. त्या वळणावर मी हवा त्याहून अधिक वेगानें आलों होतों. त्यांतला एक मुलगा अनवाणी धांवत जवळ आला आणि म्हणाला, “काका, लागलं नाहीं ना?” ज्याला माझ्यामुळें लागावयाचें, तोच माझी विचारपूस करीत होता. मला उत्तर देतां आलें नाहीं.

दुसऱ्याचें नुकसान होईल तेथें व्यक्तीच्या स्वातंत्र्याची मर्यादा येते, हें मिलनें १८५९ सालीं ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथांत मांडलें. आगरकरांच्या विचारांवर त्याचा मोठा प्रभाव होता, आणि आम्ही ती मर्यादा वर्गांत वर्षानुवर्षें शिकवीत आलों. पण शिकवितांना नकळत असें वाटत राहतें, कीं दुसऱ्याचें नुकसान करणारा कोणी दुष्ट मनुष्य असावा. हौशी, सज्जन आणि कुशल मनुष्यहि तें करूं शकतो, हें मला त्या संध्याकाळीं कळलें. माझें कौशल्य हा माझा गुण असेल. परंतु त्याच्या परीक्षेंत भाग घेण्यास त्या मुलांनीं संमति दिली नव्हती. ॲरिस्टॉटल धैर्यास भित्रेपणा आणि अविचार यांच्या मधलें स्थान देतो. एकट्यानें कडा चढणाऱ्यास तें स्थान स्वतःपुरतें ठरवितां येईल. सार्वजनिक सडकेवर तें ठरवितांना पायीं चालणाऱ्याचा जीव हिशेबांत धरलाच पाहिजे.

मग जुनी गाडी कोंडून ठेवावी काय? हाहि निष्कर्ष मला पटत नाहीं. या न्यायानें बैलगाडी, सायकल, गरिबांचीं जुनीं वाहनें, सारींच सडकेवरून हांकलावीं लागतील. शिवाय नवी यंत्रणा जमिनीची पकड वाढवीत नाहीं. ब्रेक दाबलेला असतांना गाडी वळवितां येणें हा तिचा मुख्य लाभ; सैल बर्फावर किंवा खडीवर थांबण्याचें अंतर तिच्यामुळें वाढूंहि शकतें. तिच्या भरंवशावर जो वेग वाढवितो, तो जुन्या गाडीच्या सावध चालकापेक्षां अधिक दोषी होय. उलट एक उपाय सर्व गाड्यांस सारखाच लागू आहे. ब्रेक लागल्यावर गाडी जें अंतर जाते, तें वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें. ताशीं ६० किलोमीटरांऐवजीं ३० नें गेलें तर तें अंतर चौथ्या हिश्शावर येतें. यासाठीं पैसा लागत नाहीं. थोडा वेळ आणि थोडा अभिमान मात्र सोडावा लागतो.

म्हणून पुतण्यास मीं लिहिलें: गाडी चालव. टायर चांगले ठेव, मीठ धुवून काढीत जा, घरून अर्धा तास अगोदर नीघ. ज्या वेगासाठीं ही मोटार बनली, तो हिवाळ्यापुरता बाजूस ठेवावा लागेल. तो सोडवत नसेल तर गाडी वसंतापर्यंत घरींच बरी. आणि पाऊस गोठून रस्त्याची कांच झाली असेल, त्या दिवशीं बसनें जा. त्यांत गाडीचा किंवा तुझा अपमान नाहीं.

माझी हेराल्ड पावसाळ्यांत अजून चालते. परंतु घटस्थापनेच्या आदल्या दिवशीं ती दारांतच उभी असते आणि मी एस. टी. नें तुळजापूरला जातों. परततांना खिडकींतून ज्योत घेऊन धांवणारीं मुलें दिसतात. त्यांतला तो मुलगा मला ओळखतां येत नाहीं; त्यामुळें प्रत्येकाकडे तोच समजून पाहावें लागतें.